दुसऱ्याच्या मेशला हात

सर हल्ली जिना उतरताना उजवा हात कपाळासमोर धरून उतरतात. आमच्या नांद्याच्या घराच्या जिन्यात, पहिल्याच वळणावर, बीम जरा जास्तच खाली आलेला आहे. अंगणातून बघणाऱ्याला वाटतं, यांच्या डोळ्यांवर ऊन येतंय. मी त्या वेळी अंगणात असले तर गाडीची चावी शोधायला लागते, चपला सरळ करते, कुंडीतलं वाळकं पान काढते. वर बघत नाही. सरांच्या दोन्ही डोळ्यांची वरची नजर गेली आहे. ती जात होती तेव्हा ते ज्या एका माणसाला कळू शकलं असतं, ती मी होते.

घर काही फार मोठं नाही. रस्त्याकडचा तुकडा विकला तेव्हा वडिलांनी उरलेल्या जागेवर तीन मजले चढवले आणि वरच्या खोल्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. नांदे काय, चांदे काय, सगळ्यांनी तेच केलं. हिंजवडीत कामाला असलेली पोरं येतात, वर्षभर राहतात, लग्न ठरलं की महाळुंग्याला फ्लॅट बघून निघून जातात. सर आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, तेवढे आले आणि राहिले. काकू आईबरोबर गच्चीवर कुरडया घालायच्या, आणि सर आईला 'वहिनी' म्हणायचे. आई त्यांना पहिल्या दिवसापासून 'सायेब' म्हणते. चौथी नापास झालेल्या माझ्या चुलत्यालाही ती रागावली की सायेबच म्हणते, त्यामुळे सरांना त्याचं फारसं कौतुक नव्हतं.

मी मेकॅनिकलची डिग्री घेऊन घरात बसले होते. बसले होते म्हणजे अक्षरशः बसले होते, पाहुणे आले की आतल्या खोलीत. सर हिंजवडीत गाड्यांच्या डिझाइनच्या एका कंपनीत होते. त्यांनी एकदा विचारलं, "उद्यापासून वर येतेस का? काम शिकवतो." मी गेले, आणि त्यांच्या लॅपटॉपवर मेश करायला शिकले.

मेश म्हणजे काय ते सांगते. गाडीचा दरवाजा किती दाबला तर वाकेल, हे कॉम्प्युटरला सबंध दरवाजा देऊन विचारता येत नाही. त्या दरवाजाचे हजारो लहान लहान चौकोन पाडावे लागतात. कॉम्प्युटर एकेका चौकोनाचं गणित करतो आणि मग सगळ्याचं मिळून उत्तर देतो. चौकोन नीट असतील तर उत्तर नीट. एखादा चिंचोळा झाला, मुरगळला, की तिथलं उत्तर खोटं. असले वाईट चौकोन सॉफ्टवेअर लाल करून दाखवतं. ते एकेक धरायचे, कोपरे सरकवायचे, सरळ करायचे, लाल संपेपर्यंत. आमचं पोट यावर चालतं.

आईला मी हे समजावून सांगितलं तेव्हा तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजी मेंढरांच्या वाड्याला लावत्यात तसली जाळी ईनतीस व्हय तू? आन् त्याला इंजिनेर लागतोय?"

सर बाहेरच उभे होते. त्यांना इतकं हसू आलं की कठड्याला धरून उभं राहावं लागलं.

लाल चौकोन काढणं हा कामाचा सोपा भाग, हे सरांनी मला फार लवकर सांगितलं. सॉफ्टवेअर फक्त असलेले चौकोन तपासतं. पत्र्याला एखादं भोक असेल आणि तुम्ही ते चुकून बुजवून त्यावर सुंदर चौकोन काढलेत, तर सॉफ्टवेअर एका शब्दानेही तक्रार करणार नाही. सगळं हिरवं. आणि खरा पत्रा फाटणार नेमका त्या भोकाजवळ. म्हणून सॉफ्टवेअरचे आकडे तपासून झाले की डोळ्यांनी तपासायचं. पार्ट गाडीत जसा बसतो तसाच स्क्रीनवर उभा ठेवायचा, उगाच उलटापालटा करायचा नाही, आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नजर फिरवायची. ही सरांची पद्धत. डोळ्यात तेल घालून बघ, म्हणायचे.

आणखी एक पद्धत होती, आणि ती त्यांच्या हाताखाली तयार झालेला प्रत्येक जण पाळायचा. दुसऱ्याच्या मेशला हात लावायचा नाही. तपासणाऱ्याला चूक सापडली तर त्याने उठायचं, करणाऱ्याच्या शेजारी स्टूल घेऊन बसायचं, स्क्रीनवर बोट ठेवून जागा दाखवायची आणि उठायचं. दुरुस्त ज्याने त्याने करायचं. मी नवीन असताना सर असे माझ्या शेजारी येऊन बसायचे. बोट ठेवायचे, उठायचे. रागावणं नाही, उपदेश नाही. माझे कान तापायचे, पण ती चूक पुन्हा व्हायची नाही. आणि तीच चूक त्याच जागी पुन्हा झालीच, तर ते चुकीबद्दल बोलायचे नाहीत. "झोप झाली का? घरी बरं आहे ना?" असं विचारायचे. ते म्हणायचे, एकाच जागी परत परत चुकतंय म्हणजे चूक त्या जागेत नाही, माणसात काहीतरी झालंय, माणसाला विचारा.

मला हे सगळं माहीत होतं. तोंडपाठ होतं. म्हणूनच तर जास्त लाज वाटते.

सरांच्याच शब्दावर मला त्यांच्या कंपनीत नोकरी लागली. पुढे नवीन मॅनेजर आला आणि त्याने कामं नव्याने वाटली. सर मेश करणार, मी तपासणार. शिष्येने गुरूचं काम तपासायचं, मला वाटलं सरांना लागेल. त्यांनी त्या संध्याकाळी आईला पेढे आणून दिले. "वहिनी, तुमची लेक आता माझे कान धरणार."

"धरूंद्या की," आई म्हणाली. "आमचं तर रोजच धरतीया."

पहिली चूक सापडली ती मागच्या सीटखालच्या एका ब्रॅकेटमध्ये, म्हणजे सीट धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या तुकड्यात. आकडे सगळे स्वच्छ. पण पार्टच्या वरच्या पट्टीला मूळ डिझाइनमध्ये एक लहान भोक होतं आणि सरांच्या मेशमध्ये ते नव्हतं. त्या जागी व्यवस्थित चौकोन होते. मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. दोनदा बघितलं. भोक बुजवलेलं होतं.

सर माझ्यापासून तीन टेबलांवर बसायचे. त्यांच्या शेजारचं स्टूल रिकामं होतं. मी उठले, स्टुलापर्यंत गेले, आणि तशीच पुढे जाऊन पाण्याची बाटली भरून परत आले. मग माझ्या जागेवर बसून मी ते भोक पाडलं, त्याच्याभोवती चौकोनांच्या दोन कड्या घातल्या, आणि 'ओके' लिहून फाइल पुढे पाठवली.

एवढ्या मोठ्या माणसाच्या शेजारी बसून भोक राहिलं म्हणून कसं सांगायचं, असं मी स्वतःला समजावलं. बरं वाटलं. आपण किती मान राखतो.

पण ते काही दिवसच टिकलं. मग दुसरी चूक आली, मग तिसरी, आणि तिसऱ्या वेळी मला मानबिन काही आठवला नाही. मला मजा आली. सरांच्या नजरेतून सुटलेलं मला दिसतंय, याची मजा. त्यांच्या मेशमध्ये ते मी शोधायला लागले, आणि सापडलं नाही तर माझा हिरमोड व्हायचा. कुणाला सांगणार नव्हते, सांगण्यासारखं नव्हतंच. तोंडात खडीसाखर धरून बसावं तसं ते एकटीने चघळायचं. हे लिहिताना हात थांबतो, पण खरं हेच आहे. दया नव्हती ती. मी वरचढ होते आणि ते मला आवडत होतं.

आम्ही जाऊन-येऊन माझ्याच गाडीतून करायचो. माणच्या रस्त्याला मुरमाचे डंपर मागेपुढे, कधी टँकर आडवा, त्यामुळे बोलायला भरपूर वेळ. संध्याकाळी गाडी कंपनीच्या गेटबाहेर पडली की सर रोज एकच प्रश्न विचारायचे.

"आज काही निघालं का माझ्यात?"

"नाही सर. क्लीन."

"वा," म्हणायचे, आणि सीटवर मागे रेलून बसायचे. या वयात अजून हात चालतो याचा त्यांना आनंद व्हायचा. तो आनंद मी त्यांना देतेय असंही मी धरून चालले होते. एकदा हिंजवडीच्या चौकात ते म्हणाले, "इथला सिग्नल कुठे हलवला यांनी?" सिग्नल जागच्या जागी, वर टांगलेला होता. "तिथेच तर आहे, सर," मी म्हटलं, आणि हिरवा झाला म्हणून गाडी काढली.

घरी तर सगळं डोळ्यांसमोरच चाललं होतं. सर बीमवर डोकं आपटायला लागले. इतकी वर्षं त्याच जिन्याने जा-ये करणारा माणूस. आईने चेष्टा सुरू केली, "सायेब, बीमाला नवस बोललाय का काय? येता-जाता डोकं टेकताय." सगळे हसलो. सर सगळ्यात जास्त. दिवाळीत काकूंनी दाराबाहेर आकाशकंदील लावला. सर त्याच्याखालून बाहेर आले आणि म्हणाले, "अगं, यंदा कंदील नाही लावायचा का?" तो त्यांच्या डोक्यावर पेटलेला होता. आम्हाला वाटलं, काकूंना चिडवतायत. त्यांना तशी सवय होतीच.

ऑफिसात मला दिसत होतं की सरांच्या चुका नेहमी पार्टच्या वरच्या बाजूला असतात. दरवाजाची वरची कड, ब्रॅकेटची वरची पट्टी, छताच्या पत्र्याची पुढची घडी. घरी दिसत होतं की सर वरच्या वस्तूंना धडकतायत. दोन्ही गोष्टी माझ्या एकटीच्याच हातात होत्या. आईला मेशमधल्या चुका माहीत नव्हत्या आणि मॅनेजरला आमचा जिना. मी त्या दोन गोष्टी कधी शेजारी ठेवून बघितल्या नाहीत. ठेवल्या असत्या तर स्टूल घेऊन बसावं लागलं असतं, आणि मग इतके दिवस काय करत होतीस, तेही सांगावं लागलं असतं.

नव्या भरतीच्या मुलांना शिकवायचं काम अर्थातच सरांकडे असायचं. एक दिवस त्यांनी स्वतःचाच जुना ब्रॅकेट मोठ्या स्क्रीनवर लावला होता, तोच, सीटखालचा. मी मागच्या खुर्चीवर बसून फोन बघत होते. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, "सर, हा उलटा केला तर खालून कसा दिसतो?"

सर सहसा पार्ट उलटा करत नसत. तिने विचारलं म्हणून केला. वरची पट्टी स्क्रीनच्या खालच्या बाजूला आली आणि सर बोलता बोलता थांबले.

भोकाभोवती सर आठ चौकोनांची कडी घालतात. नेहमी आठ. मी तिथे दहाची घातली होती. आठाची पुरेशी असते. दहाची जरा जास्त गोल, जास्त सुबक दिसते. ती बघणारं कुणी नव्हतं, आणि तरीही मला सरांपेक्षा सुबक करायची होती. मेश करणाऱ्याला दुसऱ्याचा हात ओळखू येतो, अगदी अक्षर ओळखावं तसा. सरांनी स्क्रीनकडे बघितलं, मग वळून माझ्याकडे बघितलं, आणि पुढे शिकवायला लागले. तास त्यांनी पूर्ण घेतला. मुलं गेल्यावर म्हणाले, "तू थांब."

त्यांनी एक खुर्ची ओढून स्वतःच्या शेजारी ठेवली. "बस."

मी बसले.

"माझ्या मेशला हात लावलास."

"हो सर."

"या एकाच?"

"नाही."

"कुठे कुठे ते सांग."

मी सांगायला लागले. दरवाजाची वरची कड. छताची घडी. खिडकीवरची पट्टी. एकेक नाव घेताना आवाज खाली जात होता, आणि शेवटी शेवटी तर मला माझंच ऐकू येईना. सर खवळतील, मला वाटलं. खवळले असते तर फार बरं झालं असतं. रोज गाडीत त्यांना 'क्लीन' म्हणणारी मी, त्यांनी मला त्या खोलीतून हाकलायला हवं होतं.

ते म्हणाले, "सगळं वरच?"

मी मान हलवली.

त्यांनी डावा डोळा हाताने झाकला. उजवा हात डोक्यावर ताठ उंच केला, एक बोट वर, आणि समोरच्या भिंतीवर नजर ठेवून ते बोट हळूहळू खाली आणायला लागले. बोट केसांच्या पुढे आलं, कपाळाच्याही खाली, जवळजवळ भुवईशी आलं. "आता," ते म्हणाले. मग दुसरा डोळा झाकला आणि दुसरा हात. पुन्हा भुवईपाशी. "आता."

"तू कर," म्हणाले.

मी हात उंच केला. बोट थोडं पुढे आणताच मला ते दिसलं.

"कुठे दिसलं?"

"इथे, सर."

माझं बोट कुठे आहे हे बघायला त्यांना मान मागे टाकून वर बघावं लागलं. बघितलं, आणि बराच वेळ तसेच बघत राहिले. माझा हात दुखायला लागला तरी मी तो खाली घेतला नाही.

शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात मीच घेऊन गेले. एका यंत्रासमोर बसवून त्यांना प्रकाशाचे ठिपके दाखवले. दिसला की बटण दाबायचं. नंतर डॉक्टरांनी कागद पुढे ठेवला. दोन गोल, दोन्हींच्या वरच्या भागात काळं. काचबिंदू. गेलं ते परत येत नाही, उरलेलं रोजच्या थेंबांनी सांभाळायचं, बहुतेक सांभाळलं जाईल. डॉक्टर म्हणाले, यात दुखत नाही, आणि न दिसणारी जागा काळीही वाटत नाही. मेंदू ती आजूबाजूच्यासारखी भरून काढतो, माणसाला पत्ता लागत नाही. सर्वात चांगलं म्हणजे लवकर कळणं. आधी कधी काही जाणवलं होतं का?

"नाही," सर म्हणाले.

मी शेजारीच बसले होते. भोक बुजवून वर नीट चौकोन काढणं मला चांगलंच ठाऊक होतं. सरांच्या मेंदूने ते केलं होतं आणि मग ऑफिसात बसून मीही तेच केलं होतं.

बाहेर काकू म्हणाल्या, "एवढी माणसं आजूबाजूला. कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही गं?"

मी पर्समध्ये गाडीची चावी शोधायला लागले. सर म्हणाले, "कुणाच्या येणार? मलाच कळलं नाही, तर." आणि माझ्याकडे न बघता पायऱ्या उतरायला लागले, हात कपाळासमोर धरून. तो पहिल्यांदा तेव्हा धरला.

घरी आईने हे ऐकलं. "आन् मी मेली हसत हुते," म्हणाली. जुन्या लाल लुगड्याच्या पट्ट्या फाडून तिने बीमाला बांधल्या, खाली लोंबतील अशा, म्हणजे डोक्याआधी त्या लागतील. बांधता बांधता तिने मला विचारलं, "तुला कायबी कळलं न्हवतं?"

"चुका कळल्या होत्या."

"मंग बोलली का न्हाईस?"

मी स्टूल धरून उभी होते. तिने गाठ मारली आणि खाली उतरली. त्यानंतर तिने तो विषय काढलेला नाही. त्या पट्ट्या अजून तिथे आहेत.

सर अजून काम करतात. आता पार्ट आधी सरळ बघतात, मग उलटा करून पुन्हा बघतात. वेळ लागतो. तरी कधी काही राहतं, थकले की जास्त. त्यांच्या मेशची तपासणी माझ्याकडेच ठेवावी, असं त्यांनीच मॅनेजरला सांगितलं. मला वाटलं होतं, ते दुसरं कुणीतरी मागून घेतील. मी तर तशी आशाच धरली होती.

परवा एका दरवाजात चूक निघाली. मी स्टूल घेतलं, त्यांच्या शेजारी बसले, स्क्रीनवर बोट ठेवलं. सर बोट शोधत होते. नजर खाली फिरली, मग मान मागे गेली, मग सापडलं. मग माउस हातात घेऊन ते हळूहळू एकेक कोपरा सरकवू लागले. एक चुकला, परत घेतला. मी केलं असतं तर कधीच झालं असतं. माझा हात टेबलाकडे जायला लागला तसा मी तो मांडीखाली दाबून ठेवला.

आठ चौकोनांची कडी पूर्ण झाली. सर खुर्चीत मागे रेलले, गाडीत रेलायचे तसे.

"आणखी काही निघालं का माझ्यात?"

निघालं होतं. आणखी एक होतं, काचेच्या वरच्या कडेला. त्यांचा चेहरा दमलेला होता, आणि 'नाही सर, क्लीन' हे शब्द माझ्या ओठांवर आयते आले. एवढं सगळं होऊनही आले. त्या शब्दांचीच मला लाज वाटली, इतकी की डोळ्यांत पाणी आलं. सर वाट बघत होते.

"हो सर," मी म्हटलं, आणि त्या जागेवर बोट ठेवायला हात वर केला.